सोलापूर : लिंबाच्या वाळल्या बुंध्यात कोरलेली मरीआई आणि तिच्या जागी होऊ घातलेले पक्के देऊळ

तिठा (धागाकर्ता)

सोलापुरातून बाहेर पडणाऱ्या एका मोठ्या रस्त्याच्या कडेला कडुलिंबाचा वाळलेला बुंधा उभा आहे आणि त्या बुंध्यातच मरीआई कोरलेली आहे. मूर्ती वेगळी घडवून झाडाला टेकवलेली नाही. मुळे अजून जमिनीत आहेत, फांद्या केव्हाच गेल्या आहेत आणि उरलेले पुरुषभर उंचीचे खोड हीच देवी आहे. आता लगतच्या वस्तीतील तरुण मंडळाने वर्गणी सुरू केली असून, बुंधा काढून तेथे सिमेंटचे देऊळ बांधावे आणि संगमरवरी मूर्ती बसवावी असा विचार पुढे आला आहे. माझे मत आधीच सांगतो. हा बुंधा आहे त्या जागी आणि आहे त्या रूपात राहिला पाहिजे, आणि थोडी अक्कलहुशारी वापरली तर तो आणखी बरीच वर्षे राहू शकतो. त्यासाठी नेमके काय करावे आणि काय टाळावे, हे जाणकारांनी येथे लिहावे, म्हणून हा धागा काढला आहे. ठिकाण मुद्दाम लिहीत नाही, कारण जुन्या कोरीव लाकडाला बाजारात गिऱ्हाईक असते आणि ही देवी कुलूपबंद नाही.

ज्यांनी असे स्थान जवळून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो. समोर उभे राहिल्यावर आधी नजरेत भरतो तो शेंदूर. वर्षानुवर्षे लिंपलेल्या शेंदराचा जाड थर कपाळावर आणि गालांवर बसला आहे. नाकाचा शेंडा मात्र नमस्कारासाठी टेकणाऱ्या हातांनी झिजून गुळगुळीत झाला आहे. डोळे पितळेचे असून बारीक खिळ्यांनी ठोकलेले आहेत. कोरणाऱ्याने झाडाचा मूळ आकार फारसा मोडलेला नाही, आणि मला त्याच्या हाताची खरी ओळख तेथेच पटते. बुंध्याला जेथे मोठी गाठ होती तेथे त्याने देवीचा खांदा काढला आहे. उजवीकडे जमिनीत उतरणाऱ्या जाड मुळाच्या धारेवर नाग वळवला आहे आणि त्याची फणा बरोबर त्या जागी उभी केली आहे जेथे मूळ बुंध्यापासून सुटते. डाव्या अंगाला वीतभर उंचीचा पोतराज, म्हणजे मरीआईचा भक्त, आहे; त्याच्या हातातील आसूड आता पुसट झाला असला, तरी कमरेच्या घोळदार वस्त्राच्या चुण्या तिरप्या उजेडात स्वच्छ दिसतात. मागची बाजू कोरलेली नाही. तेथे साल गळून राखाडी पडलेले उघडे लाकूड दिसते आणि त्यावरून वाळवीच्या मातीच्या नळ्या वर चढलेल्या दिसतात.

पूजा एका कुटुंबाकडे आहे. सध्या घरातील थोरल्या बाई, ज्यांना सगळा परिसर अक्का म्हणतो, दिवाबत्ती करतात. त्यांच्या सांगण्याप्रमाणे रस्ता रुंद करताना झाडाची एका बाजूची मुळे तुटली, झाड हळूहळू वाळले, आणि ज्या झाडाखाली आधीपासून मरीआईचा तांदळा (देवी म्हणून पुजलेला अनघड दगड) होता ते झाड सरपणाला जाऊ द्यायचे नाही म्हणून त्यांच्या सासऱ्यांच्या पिढीतील एका सुताराने बुंधा कोरून काढला. तो जुना तांदळा आजही देवीच्या पायाशी आहे. आषाढात लिंबाचे डहाळे, दहीभात, आंबील, खण-नारळ आणि हिरव्या बांगड्या येतात; मंगळवारी आणि शुक्रवारी तेल वाहिले जाते.

मरीआई आणि लिंब यांचे नाते आपल्याला नवे नाही. पटकी आणि देवीचा रोग यांच्या साथी येत तेव्हा माणसाच्या हाती लिंबाचा पाला आणि मरीआईचे नाव याखेरीज फारसे काही नसे. 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही वर्षांत तो इलाखाभर पसरला; गिरण्यांमुळे दाट वस्ती झालेल्या सोलापुरासारख्या शहराला अशा साथींचा अर्थ नीट माहीत होता. देशातून देवीचा रोग गेल्याची अधिकृत नोंद 1977 ची आहे, म्हणजे अक्कांच्या पिढीने ती भीती स्वतः पाहिली आहे. वेशीवर, तिठ्यावर, गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्यावर मरीआई बसवली जाते ती रोगाची वाट अडवण्यासाठी. म्हणून हे स्थान रस्त्याकडेलाच असणे अर्थपूर्ण आहे. त्याला वस्तीच्या आत, सोयीच्या मोकळ्या जागेत नेऊन बसवणे म्हणजे देवीला तिच्या कामावरून उठवणे होय.

अडचणी तीन आहेत. पहिली म्हणजे डाव्या कानशिलापासून हनुवटीपर्यंत उतरलेली बोटभर रुंदीची भेग, जी कोणीतरी सद्भावनेने सिमेंटने भरली आहे. दुसरी म्हणजे बुंध्याला चिकटून घातलेला सिमेंटचा कट्टा. तिसरी म्हणजे छातीपासून खाली मारलेला लाल ऑइल पेंट, ज्याचे पापुद्रे सुटत आहेत. छप्पर म्हणून एक जुना पत्रा आहे, पण तो आखूड असल्याने पाठीमागून पाऊस थेट लागतो.

वाकस

आमच्या घरी तीन पिढ्या सुतारकाम आहे, त्यामुळे लाकडापुरते बोलतो. देवीबद्दल बोलण्याचा अधिकार अक्कांचा आहे.

कडुलिंब हे महोगनीच्याच कुळातील झाड. त्याचा आतला तांबूस गाभा कडू असतो आणि कीड त्याला सहसा लवकर लागत नाही, पण सालीलगतचे फिकट लाकूड तितके टिकत नाही. वाळवीला आधी तेच सापडते. कोरीव काम गाभ्यापर्यंत गेले असेल तर चेहरा वाचेल आणि पाठ आधी जाईल, आणि तुमच्या वर्णनावरून तसेच होत असावे. लिंबाच्या लाकडाची रेषा उलटसुलट असते. एका बाजूने पटाशी छान चालते आणि वीतभर पुढे गेले की तीच पटाशी लाकूड उपटू लागते. अशा लाकडात चुण्या काढणारा सुतार उत्तम हातोटीचा होता, हे मी न पाहताही सांगू शकतो.

भेगेबद्दल. अखंड खोड, ज्याच्या मधोमध झाडाचा गर तसाच असतो, ते वाळताना तडकणारच. लाकूड वाळते तेव्हा ते घेराच्या दिशेने जितके आकसते त्याच्या साधारण निम्म्यानेच गराकडून सालीकडे आकसते. हा फरक कोठेतरी निघावाच लागतो आणि तो भेगेच्या रूपाने निघतो. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि पावसाचा मोठा भाग सप्टेंबरात पडतो. त्यामुळे ही भेग उन्हाळ्यात उघडते आणि पावसाळ्यानंतर थोडी मिटते. ती हलती भेग आहे. तिच्यात सिमेंट भरले की मिटायला जागा उरत नाही, कडांवर दाब येतो आणि शेजारी नवी भेग पडते. शिवाय सिमेंट आणि लाकूड यांच्या फटीत पाणी शिरते आणि तेथेच थांबते. सिमेंट काढले पाहिजे, पण ठोकून मुळीच काढू नये.

कट्टा हा त्याहून मोठा धोका आहे. कुजवणाऱ्या बुरशीला ओल लागते. लाकडातील ओलावा 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर तिचे काही चालत नाही. म्हणून मोकळ्या हवेतले कोरडे लाकूड शंभर वर्षे उभे राहते आणि जमिनीत गाडलेला खांब मातीच्या रेषेवर मोडतो. बुंध्याभोवती सिमेंट घातल्याने ती ओली रेषा कट्ट्याच्या उंचीपर्यंत वर सरकली आहे आणि ती कोणाला दिसतही नाही. कट्टा सगळा फोडण्याची गरज नाही. बुंध्याभोवती चार बोटे रुंदीची चर मोकळी करावी, तीत माती न भरता खडी घालावी आणि पाणी बाहेर जाईल असा उतार द्यावा.

ऑइल पेंटचेही तसेच आहे. तो बाहेरचे पाणी काही काळ अडवतो, पण जमिनीतून वर चढलेली ओल आत कोंडून धरतो. सुटलेले पापुद्रे हाताने निघतील तेवढेच काढा. पॉलिश पेपर किंवा रसायन लावू नका, कारण खाली जुना रंग असण्याची शक्यता आहे.

सातनंदी

मी त्या वस्तीतला नाही, पण अशाच एका मंडळाचा कार्यकर्ता आहे आणि दुसरी बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो.

देवीला पक्के देऊळ व्हावे असे वाटणे हा काही गुन्हा नाही. आमच्या आजोबांच्या पिढीने उन्हातान्हात हातमाग आणि गिरणी केली, देवीला पत्र्याखाली ठेवले, कारण त्यांच्याकडे तेवढेच होते. आज मुलांच्या हाती चार पैसे आले आणि त्यांना आपल्या देवीला चांगली जागा द्यावीशी वाटली, तर त्या भावनेला नावे ठेवणे योग्य नाही. शहरातल्या मोठ्या देवळांत संगमरवर चालतो, आणि गोरगरिबांच्या मरीआईने मात्र वाळवी लागलेल्या लाकडात राहावे, असा त्याचा अर्थ निघतो. धागाकर्त्यांचा तसा हेतू नाही हे मला कळते. तरीही वस्तीतल्या मुलांना तो तसाच ऐकू येईल. त्यांच्याशी बोलताना आधी त्यांच्या वर्गणीचा मान राखा.

दुसरे असे की खंडित मूर्तीची पूजा करू नये असे अनेकजण मानतात. भेग पडलेला चेहरा पाहून एखाद्या घरात काही वाईट घडले, तर बोट त्या भेगेकडेच दाखवले जाईल. यावर तुमच्याकडे काय उत्तर आहे?

भीमाकाठ

सातनंदी यांचा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि लाकडी देवांच्या परंपरेतच त्याचे उत्तर आहे.

मी अक्कलकोट तालुक्याच्या सीमेवरचा, घरात कन्नड आणि बाहेर मराठी असा. आमच्या पलीकडे, उत्तर कर्नाटकातील गावोगावी, द्यामव्वा या ग्रामदेवीच्या मूर्ती लाकडाच्या असतात. त्या भडक रंगवलेल्या असतात, मोठे टपोरे डोळे, अनेक हात, आणि काही वर्षांच्या अंतराने भरणाऱ्या जत्रेत त्यांना नव्याने रंग दिला जातो. जत्रेआधी रंगकाम चालू असताना दर्शन बंद असते. शिरसीची मारिकांबा तर सर्वांना ठाऊक आहे. तिची मूर्ती लाकडी असून जत्रा एक वर्षाआड भरते आणि कर्नाटकातील मोठ्या जत्रांमध्ये ती गणली जाते. लाकूड आहे म्हणून तिचा मान कोठेही उणा पडलेला नाही.

पुरीचा जगन्नाथ हे याहून मोठे उदाहरण. तेथील मूर्ती कडुलिंबाच्याच लाकडाच्या असतात. ज्या वर्षी अधिक आषाढ येतो त्या वर्षी नवकलेवर होते, म्हणजे ठरावीक लक्षणे असलेली लिंबाची झाडे शोधून, विधीपूर्वक तोडून, नव्या मूर्ती घडवतात आणि जुन्या मूर्ती मंदिराच्या आवारातच पुरतात. अलीकडची नवकलेवरे 1996 आणि 2015 या वर्षी झाली. दक्षिणेत कांचीपुरमच्या वरदराज मंदिरातील अत्ती वरदर उंबराच्या लाकडाचे आहेत. त्यांना तळ्याच्या पाण्याखाली ठेवले जाते आणि 40 वर्षांतून एकदा दर्शनासाठी बाहेर काढतात; 1979 नंतर ते 2019 साली बाहेर आले.

या तिन्ही ठिकाणी लाकूड झिजते, तडकते, रंग सोडते हे गृहीत धरलेले आहे आणि त्यासाठी विधी ठरलेला आहे. दगडाच्या मूर्तीचा खंडितपणाचा नियम लाकडाला जसाच्या तसा लावता येत नाही, कारण लाकडाला भेग पडणे हा अपघात मानलेला नसून त्याचे आयुष्य मानलेले आहे. म्हणून वस्तीतल्या लोकांना असे सांगता येईल की देवीची दुरुस्ती करणे हे शास्त्राला आणि रूढीला धरून आहे, आणि ती दुरुस्ती आषाढाच्या उत्सवाला जोडली तर त्यात कोणाला अशुभ वाटणार नाही.

अक्कलकोटचे वटवृक्ष मंदिर सोलापूरकरांना परके नाही. स्वामी समर्थ ज्या वडाखाली बसत तो वड हाच तेथील श्रद्धेचा गाभा आहे, आणि देवस्थान एवढे मोठे झाले तरी झाडाला बाजूला सारावे असे कोणाच्या मनात आले नाही. झाडाभोवती देऊळ वाढले. झाड आणि देऊळ यांचे भांडण असलेच पाहिजे असे नाही, एवढेच मला सुचवायचे आहे.

तिठा (धागाकर्ता)

सातनंदी, आपण लिहिलेले मी गंभीरपणे घेतले आहे. गरिबांच्या देवाने गरीबच दिसावे असा आग्रह धरणारे लोक असतात आणि मला त्यांच्यात बसायचे नाही. माझा आग्रह वेगळ्या कारणासाठी आहे. संगमरवरी मूर्ती जयपूरहून येईल, सुंदर असेल आणि तशीच मूर्ती आणखी शंभर ठिकाणी असेल. हा बुंधा याच मातीत वाढला, याच रस्त्यामुळे वाळला आणि याच वस्तीतल्या सुताराने तो कोरला. वस्तीकडे तिच्या स्वतःच्या पूर्वजाच्या हातची अशी दुसरी वस्तू कोणती आहे? मुलांना अभिमानाने दाखवता येईल असे जे आहे, ते त्यांच्याकडे आधीच आहे, आणि तेच त्यांच्या वर्गणीने जपले जावे असे मला वाटते. पैसा देवीवरच खर्च व्हावा यात माझे आणि त्यांचे मत एकच आहे.

मंडळातील दोघा मुलांशी बोलणे झाले आहे. पोतराजाच्या चुण्या त्यांनी कधी नीट पाहिल्याच नव्हत्या, कारण त्या भागावर नेहमी हारांचा ढीग असतो. हार बाजूला करून संध्याकाळी टॉर्च तिरपी धरून दाखवली, तेव्हा त्यातला एक जण लगेच म्हणाला की हे तर आमच्या आज्जीच्या गोष्टीतले आहे.

नोंदवही

दोन गोष्टी सुचवतो, एक दस्तऐवजाची आणि एक कायद्याची.

कोणतेही काम सुरू होण्याआधी संपूर्ण नोंद करा. चांगला मोबाइल पुरेसा आहे. ढगाळ सकाळी किंवा सावलीत बुंध्याभोवती गोल फिरत, प्रत्येक छायाचित्र आधीच्या छायाचित्राशी निम्म्याहून अधिक जुळेल अशा रीतीने, खालच्या, मधल्या आणि वरच्या उंचीवरून फोटो घ्या. प्रत्येक फेरीत एक मोजपट्टी चौकटीत दिसू द्या. अशा छायाचित्रांवरून संगणकावर त्रिमितीय प्रतिकृती करता येते आणि पुढील वर्षी भेग किती वाढली हे मोजता येते. रात्री टॉर्च तिरपी धरून काढलेले फोटो वेगळे ठेवा, कारण पुसट रेषा त्यांतच येतात. अक्कांकडून मिळालेली माहिती त्यांच्याच शब्दांत ध्वनिमुद्रित करा, आणि आषाढातली गाणी शक्य असतील तर तीही.

शेंदूर कोणीही खरवडू नये. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड, जे लोखंड गंजू नये म्हणूनही लावत असत. तो थर खरवडताना उडणारी धूळ विषारी असते, विशेषतः लहान मुलांसाठी. वणीच्या सप्तशृंगी देवीवरील शेंदराचे कवच 2022 साली उतरवले गेले आणि आतील मूळ रूप दिसले, तेव्हापासून अनेक ठिकाणी आपल्याही देवीचे कवच काढावे असा उत्साह दिसतो. तेथे मूर्ती पाषाणाची आहे आणि काम तज्ज्ञांच्या देखरेखीखाली झाले. लाकडावरचा शेंदूर लाकडाचा वरचा थर घेऊनच निघतो.

आता कायदा. सर्वोच्च न्यायालयाने 29 सप्टेंबर 2009 रोजी दिलेल्या आदेशानुसार सार्वजनिक रस्ते, उद्याने आणि अशा इतर सार्वजनिक जागांवर नवे मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा यांपैकी काहीही बांधू देता येत नाही, आणि जी स्थाने आधीपासून आहेत त्यांचा निर्णय राज्य शासनाने प्रत्येक प्रकरण वेगळे तपासून घ्यायचा आहे. याचा व्यवहारातला अर्थ मंडळाच्या मुलांना नीट समजावून सांगा. आज जे उभे आहे ते जुने स्थान आहे. ते पाडून तेथे नवे बांधकाम केले, तर जुनेपणाचा आधार त्यांनी स्वतःच्या हाताने घालवलेला असेल आणि उरेल ते रस्त्याकडेचे नवे बेकायदा बांधकाम. वर्गणीही जाईल आणि देवीही जाईल.

जागा महापालिका हद्दीत असेल तर झाडांबाबत 1975 चा राज्याचा वृक्ष संरक्षण कायदा लागू होतो आणि झाड तोडण्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षे किंवा अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून वेगळे स्थान दिले आहे. वाळलेल्या बुंध्याला ते कितपत लागू होईल यावर विसंबून राहू नका, पण आवारात दुसरी जुनी झाडे असतील तर त्यांची नोंद जरूर करून घ्या. पत्रा लांबवण्यासाठी किंवा चर काढण्यासाठीसुद्धा संबंधित कार्यालयाला लेखी कळवा आणि पोचपावती जपून ठेवा.

मागावरून

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, घरी तेलुगू बोलणारे. आषाढात आमच्याकडे पोचम्मा या देवीला बोनालू, म्हणजे मडक्यातला नैवेद्य, नेतात. नव्या मडक्यात भात शिजवून, मडक्याला हळद-कुंकू आणि लिंबाचा डहाळा बांधून, डोक्यावर घेऊन बायका जातात, आणि पोचम्माचे ठाणे बहुतेक वेळा लिंबाखालीच असते. आपण ज्या स्थानाबद्दल लिहिता त्याच्या आसपास आमचे लोक राहत असतील, तर तेथे आमच्या बोनालूही येत असतील. अक्कांना एकदा विचारा. देवळाचा किंवा दुरुस्तीचा निर्णय घेताना फक्त मंडळाची बैठक बोलावली, तर डोक्यावर मडके घेऊन येणाऱ्या बायकांना कोणी विचारणार नाही, आणि त्या जागेवर त्यांचाही हक्क आहे. मराठी, कन्नड, तेलुगू अशा तिन्ही घरांतून नैवेद्य येणारी देवी सोलापुरात विरळ नाही. पण तिचा निर्णय तिन्ही घरांनी मिळून घेतल्याचे मात्र क्वचितच पाहिले आहे.

तिठा (धागाकर्ता)

आपले म्हणणे अक्कांना विचारले. बोनालू येतात, आषाढातल्या रविवारी येतात, आणि कन्नड बोलणारी काही घरे त्याच देवीला लिंबाचा पाला गुंडाळून नवस फेडायला येतात. मंडळाच्या मुलांना पहिली गोष्ट माहीत होती, दुसरी नव्हती. पुढील बैठक देवीसमोरच घ्यायची आणि या घरांतील बायकांना आधी निरोप द्यायचा असे ठरले आहे.

वाकस यांना एक प्रश्न. मंगळवारी आणि शुक्रवारी जे तेल वाहिले जाते ते लाकडाला चांगले की वाईट? काहींचे म्हणणे असे की तेलामुळेच ती इतकी टिकली.

वाकस

दोन्ही खरे आहे, तेल कोणते आणि किती यावर अवलंबून आहे. जवसाचे तेल हवेत वाळते आणि त्याचा पातळ पापुद्रा होतो. म्हणून जुने सुतार तेच वापरत. करडईचे तेलही त्याच गुणाचे, थोडे सावकाश वाळणारे. आपल्या जिल्ह्यात ज्वारीच्या रानात करडई घेत असत, घाण्याचे तेल घरोघर होते, त्यामुळे अक्कांच्या सासूबाई तेच वाहत असतील तर देवीला त्याचा फायदाच झाला. हल्ली दिव्यासाठी म्हणून जे स्वस्त तेल बाटलीत मिळते त्यातले बरेचसे वाळतच नाही. ते चिकट राहते, धूळ धरते, उंदीर आणि मुंग्या आणते, आणि त्या चिकट थराखाली लाकूड घामेजलेले राहते.

म्हणून वाहण्याची रीत बंद करू नये, फक्त तेल लावण्याची जागा बदलावी. वाहायचे तेल पायाशी असलेल्या दगडी तांदळ्यावर वाहावे, तो पिढ्यानपिढ्या तेल पीत आला आहे. बुंध्याला वर्षातून एकदा, कडक उन्हाळ्यात लाकूड अगदी कोरडे असताना, जवसाचे किंवा करडईचे घाण्याचे तेल फडक्याने पातळ चोळावे आणि अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. ती तेलकट फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. वाळणारे तेल गरम होते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी पाण्यात बुडवा किंवा उन्हात सुटी पसरवा.

वाळवीच्या नळ्या मोडून काढा, पण नळी मोडल्याने वाळवी जात नाही, ती कोठून येते ते कळते एवढेच. जमिनीत औषध सोडायचे ते परवाना असलेल्या माणसाकडून, आणि बुंध्याच्या पाठीला बोरिक आम्ल आणि बोरॅक्स यांचे पाणी ब्रशने द्या. ते पावसाने धुऊन जाते, म्हणून आधी पत्रा पाठीमागे लांबवा आणि मगच हा खर्च करा.

सातनंदी

मंडळाच्या मुलांना माझ्या वतीने एक निरोप द्या. वर्गणीची पावती देवळाच्या नावाने फाडली असेल, तर पैसे देणाऱ्यांना विचारल्याशिवाय दुसऱ्या कामाला वापरू नका. भांडणे तेथूनच सुरू होतात. आधी फलक लावा, हिशेब लिहा आणि मग पत्रा आणा. पत्र्याखाली लोखंडी खांब लागतील, त्यांपैकी एक आमच्या मंडळाकडून.

तिठा (धागाकर्ता)

सातनंदी, आपला निरोप पोचवला आणि खांबाचेही सांगितले. मंडळाने फलक लावण्याचे मान्य केले आहे.

काल सायंकाळची बैठक देवीसमोर झाली. बोनालू आणणाऱ्या घरांतील बायका आल्या होत्या, कन्नड घरांतील दोघी आल्या होत्या. संगमरवराचा विषय काहींनी पुन्हा काढला, तेव्हा त्यांच्यातील वयाने सर्वांत मोठ्या बाईंनी विचारले की नव्या मूर्तीत देवी येईल हे तुम्हाला कोणी सांगितले. त्यावर कोणी बोलले नाही. अक्कांची अट एकच आहे. बुंध्याला हत्यार लावण्याआधी देवीला कौल लावायचा, आणि तो उजवा आला तरच भेगेतील सिमेंटला हात घालायचा. ही अट सर्वांनी मान्य केली, मीही मनापासून मान्य केली. कौल येत्या मंगळवारी लावणार आहेत. पत्रा, चर आणि वाळवीचे औषध यांना कौलाची गरज नाही असे अक्कांनीच सांगितल्यामुळे ती कामे पावसाआधी सुरू होत आहेत, आणि नोंदवही यांनी सांगितल्याप्रमाणे लेखी अर्ज दिला असून पोचपावती अक्कांच्या घरी ठेवली आहे. फोटोंची पहिली फेरीही झाली.

वाकस, कौल उजवा आला तर सिमेंट वरून काढायला घ्यायचे की खालून, आणि रिकाम्या भेगेत काय भरायचे, तेवढे लिहून ठेवा.

वाकस

खालून घ्या. वरून सुरुवात केली तर सुटलेला तुकडा खालच्या कडेवर आदळतो आणि हनुवटीचा कोपरा जातो. छिन्नी-हातोडी नको, जुन्या करवतीचे पाते फडक्यात गुंडाळून सिमेंटच्याच अंगात चिरा पाडा, म्हणजे ते आपोआप तुकड्यांनी सुटेल, आणि लाकडाला चिकटलेला शेवटचा पापुद्रा निघत नसेल तर तो तसाच राहू द्या. भेग भरूच नका. फारच उघडी दिसत असेल तर वाळलेल्या लिंबाचीच एक पातळ पाचर एका कडेला डिंकाने चिकटवा आणि दुसरी कड मोकळी ठेवा, म्हणजे भेग उघडझाप करू शकेल. लाकूड तिथल्याच एखाद्या लिंबाच्या वाळल्या फांदीचे घ्या आणि कापून निदान एक उन्हाळा सावलीत ठेवलेले असू द्या. या वर्षी तसे लाकूड नसेल तर पुढच्या वर्षी करू, देवीला घाई नाही. मी स्वतः येतो, मजुरी नको.